सौरपंपधारकांनो, हमी संपण्याआधी तयारीला लागा



2019 ची कुसुम योजना आणि 2024 ची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना यांमुळे आपल्या शिवारात सौरपंप आले. रात्री-अपरात्री, साप-विंचवाच्या भीतीत दारं धरणं अनेकांचं सुटलं. हे सुख टिकवायचं आहे.

या पंपाला बॅटरी नसते, आणि बहुतेकांच्या शेतात विजेची लाइनही नाही. कंट्रोलर बंद पडला की पाणी थांबलंच. गव्हाला पेरणीनंतर 18 ते 21 दिवसांनी, मुकुटमुळं फुटताना पाणी लागतं. दुरुस्तीला पंधरवडा गेला, तर ती वेळ पुन्हा येत नाही.

‘मागेल त्याला’ योजनेत दुरुस्तीची हमी आणि विमा पाच वर्षांचा आहे. पॅनेल मात्र त्याहून कितीतरी अधिक वर्षं चालतात. पुढचा सगळा काळ आपल्यालाच निभवायचा आहे. म्हणून कळकळीची विनंती:

1. पॅनेल सकाळी लवकर, काच थंड असताना, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसा. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

2. सावली देणाऱ्या फांद्या छाटा. पॅनेल एकमेकांना जोडलेले असल्याने एकावर सावली पडली तरी पाणी कमी होतं.

3. पावसाळ्याआधी नटबोल्ट, अर्थिंग आणि वीजरोधक तपासून घ्या.

4. कंट्रोलर स्वतः उघडू नका. त्यात जिवावर बेतेल इतका विजेचा दाब असतो. पडद्यावरचा एरर कोड लिहून घ्या आणि तोच तक्रारीत सांगा.

5. चोरी किंवा वादळात नुकसान झालं, तर लगेच फोटो काढा आणि पुरवठादार कंपनीला कळवा. चोरी असेल तर पोलिसांतही तक्रार द्या.

6. तक्रार तोंडी ठेवू नका. तारीख आणि तक्रार क्रमांक वहीत नोंदवा.

यापलीकडचं काम एकट्याचं नाही. गावातल्या आयटीआय शिकलेल्या दोन-तीन मुला-मुलींना या दुरुस्तीचं प्रशिक्षण मिळावं, फ्यूज आणि कनेक्टर गावातच असावेत, प्रत्येक हंगामाला थोडी रक्कम सामायिक दुरुस्ती निधीत पडावी आणि रखडलेल्या तक्रारी ग्रामपंचायतीच्या पत्राने एकत्र जाव्यात.

येत्या ग्रामसभेत हा विषय आपण मांडणार आहोत. प्रत्येक सौरपंपधारकाने पंपाची कागदपत्रं घेऊन यावं, आणि घरात पंप चालवणाऱ्या बाईमाणसालाही सोबत आणावं. हमी चालू आहे तोवरच ही घडी बसवू या.

आपले,
गावातील सौरपंपधारक शेतकरी