फराळाचा डबा आणि परदेशातली जकात

२३ ऑगस्ट २०२५ रोजी टपाल खात्याने जाहीर केले की दोनच दिवसांनी अमेरिकेला जाणाऱ्या बहुतेक पार्सलांची नोंदणी बंद होईल. पत्रे, कागदपत्रे आणि १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू तेवढ्या चालू राहणार होत्या. ऑगस्ट संपता संपता त्याही थांबल्या. मूळ कारण वॉशिंग्टनमध्ये होते. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलाला मिळणारी शुल्कमाफी ३० जुलैच्या आदेशाने २९ ऑगस्टपासून सगळ्याच देशांसाठी रद्द झाली होती. मात्र हे शुल्क गोळा कोणी करायचे आणि तिकडच्या सीमाशुल्क खात्यात कसे भरायचे, याची व्यवस्था उभी नव्हती. विमान कंपन्यांनी टपाल न्यायला नकार दिला. जगभरातल्या ८८ टपाल सेवांनी अमेरिकेची सेवा पूर्ण किंवा अंशतः थांबवल्याचे जागतिक टपाल संघटनेने सप्टेंबरच्या सुरुवातीला सांगितले.

सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते. यवतमाळ, पुसद किंवा वणीच्या टपाल कार्यालयातून तेव्हा निघालेला चकली-अनारशांचा डबा न्यू जर्सीतल्या लेकीच्या हाती दिवाळीत पडणे अवघडच होते.

त्याच ऑगस्टमध्ये यवतमाळ जिल्ह्यात सीमाशुल्काची चर्चा होती ती वेगळ्याच कारणाने. केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क १९ ऑगस्टपासून माफ केले आणि ती माफी पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. कापसावर जगणाऱ्या जिल्ह्यात त्या निर्णयाची झळ कितीतरी मोठी, आणि त्यावर बोलले गेले ते योग्यच. पण फराळाच्या डब्याची अडवणूक मात्र कुणाच्या लेखी कामाची ठरली नाही. करसल्लागाराच्या कार्यालयातही नाही. हे मासिक ज्यांच्यासाठी निघते त्यांनी या डब्याकडे व्यावसायिक नजरेने पाहायला हवे, कारण त्यात जीएसटी, विदेश व्यापार धोरण, परकीय चलन कायदा आणि दुसऱ्या देशाचा सीमाशुल्क कायदा असे सगळे एकत्र भरलेले असते.

आधी अमेरिकेचा हिशेब. १५ ऑक्टोबरपासून लागू झालेल्या व्यवस्थेत टपालाने जाणाऱ्या भारतीय मालावर जाहीर केलेल्या किमतीच्या सरसकट ५० टक्के शुल्क होते: २५ टक्के भारतासाठीचे आणि २५ टक्के वरचा दंडात्मक आकार. कुरिअरने जाणाऱ्या व्यापारी मालाला वस्तूनिहाय शुल्कही लागते, टपालाला ते लागत नव्हते. शुल्क नोंदणीच्या वेळीच इथे भरायचे आणि डबा तिकडे न अडता पोचायचा, अशी ही पद्धत. तिची चाचणी दिल्ली आणि महाराष्ट्र या दोन टपाल परिमंडळांत झाली. म्हणजे ६,००० रुपयांच्या मालावर ३,००० रुपये शुल्क, आणि टपालखर्च वेगळा. अमेरिकेचे दर कोणत्याही महिन्यात बदलू शकतात. पार्सल विक्रीचे की भेटीचे, हा प्रश्न मात्र दर कितीही झाला तरी सुटत नाही.

एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेली १०० डॉलरपर्यंतची खरी भेट अमेरिकेत शुल्कमुक्त राहिली. आईने दत्त चौकातल्या दुकानातून फराळ घेतला, रोख पैसे दिले, सीजीएसटी-एसजीएसटी लावलेले साधे बिल घेतले आणि स्वतःच्या नावाने डबा पाठवला, तर दुकानदाराची विक्री स्थानिक आणि डबा भेट. घरी केलेले पदार्थ भेट म्हणून पाठवले तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला पूर्वसूचनाही द्यावी लागत नाही. आयईसी क्रमांक नको, निर्यातीची कागदपत्रे नकोत. सीएन २३ या अर्जावर प्रत्येक पदार्थाचे नाव, वजन आणि खरी किंमत लिहायची, बस्स.

आता तोच डबा दुसऱ्या वाटेने पाहावा. न्यू जर्सीतल्या लेकीने व्हॉट्सअ‍ॅपवर दुकानदाराला यादी धाडली, पैसे तिकडून पाठवले आणि दुकानदाराने डबा थेट तिच्या पत्त्यावर रवाना केला. ही निर्यात झाली. एकात्मिक जीएसटी कायद्याच्या कलम ७(५) नुसार निर्यात हा आंतरराज्य पुरवठा आणि केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम २४ नुसार आंतरराज्य पुरवठा करणाऱ्याला नोंदणी सक्तीची. वस्तूंच्या उलाढालीची ४० लाखांची मर्यादा इथे कामाला येत नाही. त्या दुकानदाराला जीएसटी क्रमांक हवा, आयईसी हवा, कर न भरता माल पाठवायचा तर दर आर्थिक वर्षाला नव्याने एलयूटी हवे. टपालाने पाठवायचे तर पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट भरावे लागते. अमेरिकेची अन्नविषयक पूर्वसूचनाही चुकत नाही.

व्यवहारात होते काय? दुकानदार अशा डब्यावर ‘भेट’ असे लिहितो, किंमत ५०० रुपये टाकतो आणि मोकळा होतो. शुल्क वाचते हे खरे, पण त्यासाठी तीन गोष्टी गमवाव्या लागतात. डबा हरवला तर भरपाई जाहीर केलेल्या किमतीपलीकडे मिळत नाही. निर्यातीचा पुरावा नसल्याने तोच माल कधी तपासणीत निघाला तर ती देशांतर्गत विक्री धरून कर मागता येतो. आणि खात्यात आलेल्या परदेशी रकमेचा मेळ कोणत्याच कागदाशी बसत नाही. हे वाळवणे, लोणची, हळद, हस्तकला अशा सगळ्याच छोट्या विक्रेत्यांना लागू आहे. ‘भेट’ हा शब्द पत्करण्याआधी त्यांना चार गोष्टी सांगणारा माणूस जवळ असता तर हे टळले असते, आणि तो माणूस म्हणजे गावातला करसल्लागारच.

भारतानेही हा शब्द एकदा कडक हातांनी पुसला आहे. पूर्वी ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटी परदेशातून शुल्कमुक्त येत. चिनी खरेदी अ‍ॅपवरून मागवलेले कपडे आणि किरकोळ वस्तू ‘भेट’ म्हणून मुंबईत उतरू लागल्या, तेव्हा १२ डिसेंबर २०१९ रोजी ही वाट बंद झाली. जीवरक्षक औषधे आणि राखी एवढाच अपवाद राहिला. राखी येऊ शकते, तिच्यासोबतची मिठाई किंवा ओवाळणी शुल्क भरूनच. घाटंजीतल्या बहिणीला परदेशातल्या भावाकडून येणाऱ्या पार्सलाची किंमत हा नियम माहीत नसल्याने कुरिअरवाला दारात उभा असतानाच कळते.

वैयक्तिक आयातीचे गणित २०२१ मध्ये साऱ्या देशाने पाहिले. त्या काळी व्यक्तीने स्वतःसाठी मागवलेल्या वस्तूवर ३५ टक्के मूळ शुल्क, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि या बेरजेसह किमतीवर २८ टक्के आयजीएसटी लागे. शंभराची वस्तू १७७ रुपये २८ पैशांना पडे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत प्राणवायू यंत्रे परदेशातून मागवणाऱ्यांना या बेरजेची धग लागली. सरकारने दर टप्प्याटप्प्याने उतरवले, तरी वैयक्तिक वापरासाठी भेट आलेल्या यंत्रावर १२ टक्के आयजीएसटी का, हा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. २१ मे रोजी न्यायालयाने ती आकारणी रद्द केली. १ जूनला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीच्या १६ कोटींच्या जनुकीय औषधावरचे सुमारे ६ कोटींचे कर केंद्राने खास निर्णयाने माफ केले होते. दुर्मीळ आजारांच्या औषधांना सरसकट मूळ सीमाशुल्कमाफी १ एप्रिल २०२३ पासून मिळाली. मधल्या दोन वर्षांत ज्या कुटुंबांना कुणी वाट दाखवली नाही, त्यांचे काय झाले असेल, हा विचार मन पोखरतो.

सीमा फक्त देशाचीच असते असेही नाही. पांढरकवड्याहून पाटणबोरीमार्गे राष्ट्रीय महामार्ग ४४ ने पैनगंगा ओलांडली की तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा लागतो. जीएसटी आल्यावर राज्यांच्या हद्दीवरची विक्रीकराची नाकी उठली आणि रांगा संपल्या. पण झरी जामणीतल्या एखाद्या बचत गटाने हळदीची पावडर करून पाकिटात भरली आणि ती ऑनलाइन विकायला ठेवली, की हद्द पुन्हा उभी राहते. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला जीएसटी नोंदणीशिवाय ई-कॉमर्स मंचावरून माल विकता येतो, पण राज्याच्या आतच. हा गट शेकडो किलोमीटरवरच्या सिंधुदुर्गात पाकीट पाठवू शकतो आणि नदीपलीकडच्या गावात नाही. तिकडे एक पाकीट गेले तरी नोंदणी, रिटर्न, मंचाने कापलेल्या अर्ध्या टक्क्याच्या टीसीएसचा ताळमेळ हे सगळे मागे लागते. भारतातले दोन जिल्हे एकमेकांशी परक्या देशासारखे वागतात, हे अन्यायाचेच आहे. ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत जीएसटी परिषदेने अनेक राज्यांत ऑनलाइन विकणाऱ्या लहान विक्रेत्यांसाठी सोपी नोंदणी पद्धत तत्त्वतः मान्य केली. ती प्रत्यक्षात उतरवताना नदीकाठच्या तालुक्यांतल्या विक्रेत्यांचे म्हणणे दिल्लीपर्यंत पोचायला हवे.

अमेरिकेशिवायच्या देशांची नोंद थोडक्यात घेऊ. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२१ पासून १३५ पौंडांपर्यंतच्या मालावरचा व्हॅट विक्रीच्या वेळीच घ्यावा लागतो; खरी भेट ३९ पौंडांपर्यंत मोकळी. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून २२ युरोची व्हॅटमाफी काढली आणि १५० युरोपर्यंतची सीमाशुल्कमाफीही काढण्यावर १३ नोव्हेंबर २०२५ रोजी सदस्य देशांचे एकमत झाले. ऑस्ट्रेलिया १ जुलै २०१८ पासून १,००० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या मालावर, तर सिंगापूर १ जानेवारी २०२३ पासून ४०० सिंगापूर डॉलरपर्यंतच्या मालावर जीएसटी घेते. या दोन देशांत आणि ब्रिटनमध्ये हा कर बहुधा मोठा विक्री मंचच वसूल करतो, म्हणून मंचावरून विकणाऱ्याचे ओझे हलके होते. स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा फोनवर मागणी घेणाऱ्याने मात्र प्रत्येक देशाची मर्यादा पाहूनच दर सांगावा. परदेशातल्या गिऱ्हाईकाला ‘घरपोच दर’ सांगून नंतर त्याच्या दारात कर मागितला गेला, तर तो पुन्हा मागणी देत नाही.

इथे काही सोयी उपलब्ध आहेत आणि त्यांची माहिती तालुक्यांत पोचलेली नाही. टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रे देशात हजाराहून अधिक आहेत. निर्यातीचे टपाल बिल ऑनलाइन भरता येते, त्यासाठी मुंबईच्या विदेश डाकघरात खेटे घालावे लागत नाहीत. २०२३ च्या विदेश व्यापार धोरणाने कुरिअरने पाठवायच्या निर्यात मालाची मर्यादा ५ लाखांवरून १० लाख रुपये केली. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२५ रोजी १० लाखांपर्यंतच्या निर्यात बिलांचा मेळ निर्यातदाराच्या लेखी निवेदनावर बसवण्याची मुभा बँकांना दिली. बँकेच्या शाखेत हे परिपत्रक दाखवावे लागले तर दाखवावे. लहान विक्रेत्याचे अडकलेले नोंदीचे काम त्याने सुटते.

करसल्लागाराचा सध्याचा दिनक्रम महिन्याच्या रिटर्नभोवती फिरतो. माल निघून जातो, बिल नंतर येते, चूक नोटीस आल्यावर दिसते. सीमापार पार्सलाचे काम याच्या उलट क्रमाने करावे लागेल: मागणी आल्यावर, पैसे घेण्यापूर्वी. एचएसएन क्रमांक कोणता, पाठवणारा कोण, पैसे कोणाचे, पलीकडचा कर कोण भरणार, एवढे विचारायला फार वेळ लागत नाही. पण त्यासाठी दिवाळीआधी, म्हणजे भाद्रपदातच, मिठाईवाले, बचत गट आणि मसाला उद्योग करणाऱ्यांशी बोलावे लागेल, आणि हे बोलणे सल्ल्याच्या शुल्कात धरावे लागेल. नमकीनवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला, हे सांगायला सल्लागार दुकानात गेलेच होते. त्याच भेटीत निर्यातीचे बोलणे सहज झाले असते.

एक काम करसल्लागारांच्या संघटनेच्या पातळीवरचे आहे. कर भरून केलेल्या निर्यातीचा परतावा १,००० रुपयांखाली असेल तर कलम ५४(१४) नुसार तो मिळत नाही. फराळाच्या एका डब्यावरचा कर बहुतेक वेळा याच मर्यादेत अडकतो. ही मर्यादा काढण्याची शिफारस जीएसटी परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ च्याच बैठकीत केली, ती नेमकी टपाल आणि कुरिअरने माल पाठवणाऱ्यांसाठी. कायद्यात दुरुस्ती होईपर्यंत असे नाकारलेले अर्ज जिल्ह्यात किती आहेत, हे तालुक्यातालुक्यातल्या सल्लागारांकडून मागवून एकत्र करावे आणि दुरुस्ती लांबली तर तो तपशील राज्य कर आयुक्तांपुढे ठेवावा. यवतमाळ, दिग्रस, उमरखेड आणि वणी इथून सुरुवात करता येईल.