घरसंसार : फरशीच्या दरजांची निगा

न्हाणीघर रोज धुतले तरी दोन लाद्यांमधील दरजा वर्षभरात काळवंडतात, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. कावेरीच्या खोऱ्यातील तंजावरसारख्या गावी तर तिला विशेष कारण आहे. तेथे ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत ईशान्य मोसमी पाऊस पडतो व हवा दमट राहते. शिवाय अंगाला तेल चोळून न्हाण्याची चाल त्या भागात जुनी आहे. चकचकीत लादीच्या अंगात पाणी मुरत नाही. दरज मात्र सिमेंटची, म्हणजे सच्छिद्र. तेल, साबण आणि ओल तीत शिरून बसतात व त्यांवर काळी बुरशी वाढते.

व्यंकोजीराजांनी १६७६ साली तंजावरास राज्य स्थापिल्यापासून तेथे मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. जोसेफ आस्पदिनने १८२४ साली इंग्लंडात पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले, तेव्हा तंजावरच्या गादीवर दुसरे सरफोजीराजे होते. त्या काळची बांधणी चुन्याची, आजची सिमेंटची. पण चुना आणि सिमेंट ही भावंडेच म्हणावयाची. दोघांतही कॅल्शियमचा अंश प्रमुख असतो आणि दोघांचा वैरीही एकच, तो म्हणजे आम्ल.

हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. चिंच लावली की तांब्यापितळेची भांडी उजळतात, म्हणून पुष्कळ घरांत दरजांनाही लिंबू, व्हिनेगर किंवा थेट ॲसिड लावतात. फेस येतो, दरज पांढरी दिसते आणि काम फत्ते झाले असे वाटते. वस्तुतः त्या फेसाबरोबर सिमेंटच झिजत असते. दरज खडबडीत होते, पुढील मळ अधिक लवकर धरते आणि अखेर भुसभुशीत होऊन गळू लागते. मग पाणी लादीखाली उतरते, लादी पोकळ वाजू लागते आणि खालच्या मजल्याच्या छताला ओल येते.

दरजा स्वच्छ करण्याची रीत सोपी आहे. प्रथम कोरड्या ब्रशाने धूळ काढावी. मग कोमट पाण्यात सौम्य साबण घालून घासावे. डाग राहिल्यास खाण्याचा सोडा थोड्या पाण्यात कालवून त्याचा दाट लेप दरजांवर द्यावा, दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि अरुंद, ताठ नायलॉनच्या ब्रशाने घासून धुवावे. तारेचा ब्रश वापरू नये. त्याने लादीवर चरे पडतात.

काळ्या बुरशीसाठी घरगुती ब्लीच बाटलीवरील सूचनेप्रमाणे पाण्यात मिसळून लावावे व नंतर भरपूर पाण्याने धुवावे. हातमोजे घालावे, खिडकी उघडी ठेवावी, लहान मुलांना दूर ठेवावे. येथे एक इशारा सर्वांनी पाठ करावा : ब्लीच व ॲसिड कधीही एकत्र होऊ देऊ नयेत. दोहोंच्या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो. हाच वायू पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, बेल्जियममधील ईप्र येथे शस्त्र म्हणून सोडला गेला होता. बंद न्हाणीघरात तो फुप्फुसांना गंभीर इजा करू शकतो. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अमोनियायुक्त द्रावणही मिसळू नये.

कारैकुडीजवळच्या अत्तंगुडी गावच्या रंगीत लाद्या तमिळनाडूत प्रसिद्ध आहेत. त्या काचेवर सिमेंट, वाळू व रंग ओतून हाताने घडवितात. भट्टीत भाजीत नाहीत. अशी फरशी असल्यास केवळ दरजच नव्हे, तर सबंध लादीच आम्लाने खराब होते. ती साध्या पाण्याने पुसणे उत्तम.

दरज जागोजागी निघाली असेल तर घासण्यात अर्थ नाही. ती पुन्हा भरावी. सैल भाग लादीला धक्का न लावता खरवडून काढावा, धूळ झाडावी, दरज किंचित ओली करावी व बाजारात मिळणारी दरज भरण्याची पूड पाण्यात कालवून दाबून भरावी. लादीवर सांडलेला भाग ओलसर स्पंजाने तिरपा हात चालवून पुसावा, म्हणजे भरलेली दरज उकरली जात नाही. पूर्ण घट्ट होईपर्यंत तेथे अंघोळीचे पाणी पडू देऊ नये. जेथे भिंत व जमीन मिळतात त्या कोपऱ्यात सिमेंटला तडे जातात. तेथे लवचीक सिलिकॉन भरावे.

दरज नीट वाळल्यावर तिला पाणी अडविणारे द्रव्य लावता येते. त्याची परीक्षा घरीच करावी. दरजेवर पाण्याचा थेंब टाकावा : तो मोत्यासारखा उभा राहिला तर ठीक, मुरून डाग पडला तर लेप पुन्हा देण्याची वेळ झाली. इपॉक्सीने भरलेल्या दरजांना सहसा अशा लेपाची गरज नसते.

या सर्वांहून मोठा उपाय फुकटचा आहे. शेवटची अंघोळ झाली की रबरी पट्टीने पाणी ओढून काढावे आणि खिडकी उघडी टाकावी. हे काम घरातील कोणालाही, मुलांनासुद्धा, करता येते. आणि कोरड्या दरजेत बुरशीला थारा मिळत नाही.