घाटाखाली, घाटावर

गेले पंधरा दिवस आमच्या माजघरातील जाजमावर रायगडापासून सिंधुदुर्गापर्यंतचे जिल्हावार नकाशे पसरलेले आहेत. त्यांच्या कडांवर जुनी पितळी वजने ठेवली आहेत, एका कोपऱ्यावर पंचांग आहे. आणि रात्रीची जेवणे आटोपली की मी, माझी पत्नी आणि मोटार चालविण्याचा भार ज्यांनी आनंदाने पत्करला आहे ते माझे मेहुणे, असे तिघे त्या नकाशांभोवती बसून येत्या मार्गशीर्षातील आमच्या तेरा दिवसांच्या प्रवासाची मसलत करीत असतो. प्रवासाचा आनंद प्रस्थानाच्या दिवशी सुरू होतो असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा तरी शिसपेन्सिलीने एखादा रस्ता नकाशावर आखावा, तो पुसावा आणि पुन्हा आखावा, अशी माझी मनापासूनची शिफारस आहे.

पहिला बेत अर्थातच सर्वांचा असतो तोच होता. रेवसला समुद्र गाठावा आणि तो उजव्या हाताशी ठेवून थेट रेडीपर्यंत दक्षिणेकडे जात राहावे, हा तो बेत. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना त्यांनी ज्या रेवस-रेडी सागरी महामार्गाचा ध्यास घेतला तो पुष्कळ अंशी आज वापरात आहे. अनेक खाड्यांवर पूल झाले आहेत, काहींवर व्हावयाचे आहेत, आणि जेथे ते नाहीत तेथे मोटारीसकट पलीकडे नेणारी फेरीबोट आहे. मेहुण्यांनी त्या मार्गाची मुक्कामवार यादीही तयार केली होती. यादी वाचता वाचता मला जे उणे भासू लागले ते माझ्या आजीमुळे.

आजीचे माहेर गुहागरचे आणि सासर कऱ्हाडचे. लग्नानंतर ती बैलगाडीतून सासरी आली, ती तीन रात्रींचे मुक्काम करून. पहिला पोफळीला, घाटाच्या पायथ्याशी. दुसरा हेळवाकला, कुंभार्ली चढून आल्यावर. आणि तिसरा पाटणला. ही तीन गावांची नावे ती जपासारखी उच्चारी. गाडीत तिच्यासोबत आमसुलांचे मडके, सुपारीचे पोते आणि असोल्या नारळांची रास होती. आणि हेळवाकच्या मुक्कामी पहाटे जाग आली तेव्हा ओठ फुटले होते, अंगाला खारा वारा लागत नव्हता, म्हणून आपण आता खरोखरच परक्या मुलखात आलो हे आपणास प्रथम कळले, असे ती सांगत असे. तिच्या बोलण्यात उत्तर-दक्षिण या दिशा कधीच नसत. ‘वर’ म्हणजे घाटावर आणि ‘खाली’ म्हणजे कोकणात, या दोनच दिशांनी तिचे सारे जग भरलेले होते. पंचाहत्तर वर्षे कऱ्हाडात काढूनही ती गुहागरास ‘खाली आमच्याकडे’ असेच म्हणे.

आजीचे हे भूगोलज्ञान यथार्थ होते असे नकाशे पाहताना मला आता वाटते. समुद्रकाठाने एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जाण्यासाठी खुष्कीचा रस्ता सलग असा कधी नव्हताच. दर काही कोसांवर खाडी आडवी येई, आणि तेवढे जाणे-येणे गलबतांचे होते. जमिनीवरचे रस्ते होते ते आडवे, बंदरापासून घाटमाथ्यावरच्या पेठेपर्यंत जाणारे. कल्याण-सोपाऱ्याचा माल नाणेघाटाने जुन्नरास जाई, दाभोळ-चिपळुणाचा कुंभार्लीने कऱ्हाडास, राजापूरचा अणुस्कुऱ्याने पन्हाळा-कोल्हापुराकडे, आणि वेंगुर्ल्याचा आधी रामघाटाने व पुढे आंबोलीच्या सडकेने बेळगावास. खालून मीठ, सुकी मासळी, नारळ वर चढत, वरून जोंधळा, गूळ, मिरची, कापूस खाली उतरत. आणि जेथे गाडीरस्ता नव्हता तेथे हे सारे बैलांच्या पाठीवरून होई. नाणेघाटाच्या माथ्यावर जो दगडी रांजण आहे तो जकातीचे नाणे टाकण्यासाठी होता अशी परंपरागत समजूत आहे, आणि शेजारच्या लेण्यातील सातवाहन राणी नागनिकेचा लेख पाहता ही वाट दोन हजार वर्षांची तरी जुनी ठरते.

अशाच एका आडव्या वाटेने गेलेला एक परदेशी प्रवासी मला फार जवळचा वाटतो. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४६९च्या सुमारास चौलच्या बंदरात उतरला, तो विक्रीसाठी आणलेला एक घोडा घेऊन. तेथून तो किनाऱ्याने न जाता पालीवरून घाट चढून जुन्नरास आला आणि पावसाळ्यामुळे तेथेच अडकून पडला. दोन गावांमध्ये किती दिवस लागले हे त्याने टिपून ठेवले आहे. जुन्नरच्या खानाने त्याचा तो घोडाही काही काळ अडकवून ठेवला होता. आज रेवदंड्यास त्याचे स्मारक आहे. चौल पाहून आपण सारे अलिबागेकडे वळतो; निकितिनास मात्र चौलानंतरचे पुढचे गाव जुन्नर वाटले, आणि ते त्या काळच्या व्यवहाराला धरूनच होते.

तेव्हा आम्ही पहिली रेघ पुसली. नवी रेघ अशी आहे: पुण्याहून ताम्हिणीने खाली, माणगाव-म्हसळ्यावरून श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर, बागमांडल्याची खाडी ओलांडून वेसवी, केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ, पुन्हा खाडी ओलांडून धोपावे आणि गुहागर, तेथून चिपळूण आणि आजीच्या वाटेने कुंभार्ली चढून कऱ्हाड. कऱ्हाडहून कोल्हापूर-पन्हाळा आणि अणुस्कुऱ्याने पुन्हा खाली राजापूर. जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी. आणि आंबोलीने पुन्हा वर आजरा, गडहिंग्लज, मिरज, वाई, पुणे. दोन वेळा उतरणे आणि दोन वेळा चढणे. पूर्ण झालेली रेघ पाहून पत्नी म्हणाली, “अहो, हा तर धावदोरा झाला.” सह्याद्रीच्या काठावर खालून वर आणि वरून खाली घातलेला तो धावदोरा पाहिल्यापासून मला दुसरा कोणताही मार्ग सुचेनासा झाला आहे.

या बेतात रत्नागिरी गळाली, याचे दुःख आहे. लोकमान्यांचे जन्मस्थान, थिबा राजाने आयुष्याची अखेरची वर्षे ज्या शहरात कंठली तेथला त्याचा राजवाडा, आणि वाटेतील जयगड-गणपतीपुळे, हे सारे पुढील खेपेसाठी ठेवावे लागले. परंतु तेरा दिवसांत सर्वच बसवू पाहणारा माणूस मोटारीच्या काचेतून गावांच्या पाट्या तेवढ्या वाचतो. किनाऱ्याच्या वळणावळणांच्या रस्त्यावर तासाला तीस किलोमीटरांहून अधिक अंतर आमच्याने कधी कापले गेले नाही, म्हणून तेथे दिवसाची मजल शंभर किलोमीटरांच्या आत ठेवण्याचा शिरस्ता आम्ही घालून घेतला आहे.

आता पंचांगाविषयी. ते नकाशांच्या कोपऱ्यावर मुहूर्तासाठी ठेवलेले नाही. कोकणपट्टीत भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत आहे. तिथीला तीनाने गुणावे आणि चाराने भागावे. जे येईल तितक्या वाजण्याच्या सुमारास समुद्र पूर्ण भरतो. अमावास्या-पौर्णिमेस बाराच्या आसपास भरती, चतुर्थीस तीनला, अष्टमीस सहाला. आणि भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी. हा अजमास आहे, छापील कोष्टक नव्हे. जागेपरत्वे थोडा फरक पडतो. तथापि मुक्काम ठरविण्यास तो पुरेसा आहे.

हरिहरेश्वरास तर त्यावाचून चालतच नाही. देवळामागून डोंगरावर चढून गेले की खडकाच्या एका अरुंद फटीतून पायऱ्या खाली उतरतात, दोन्ही भिंती खांद्यांना लागतात, खालून वाऱ्याचा घुमार येतो, आणि अखेरच्या पायरीवरून पाऊल पडते ते एकदम उघड्या समुद्रापुढील कातळावर. त्या कातळाच्या कड्यावर लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने मधाच्या पोळ्यासारखी जाळी कोरलेली आहे. बोट घातले तर आतल्या बारीक घरांच्या कडा धारदार लागतात. समुद्राच्या कडेने प्रदक्षिणेचा मार्ग आहे तो याच कातळावरून, आणि तो ओहोटी असतानाच मोकळा असतो. भरतीच्या लाटा तेथे अवचित चढतात. त्यांनी माणसे ओढून नेल्याचे प्रसंग घडलेले आहेत, आणि तेथे लावलेल्या सूचना प्रत्येकाने अक्षरशः पाळाव्यात. तृतीयेस भरती सव्वादोनला, म्हणजे सकाळी आठच्या सुमारास पुरी ओहोटी. शिवाय उधाणाचे दिवस नुकतेच सरलेले असल्याने पाणी चांगले दूर हटलेले. म्हणून मार्गशीर्ष शुद्ध द्वितीयेस पुणे सोडावयाचे आणि तृतीयेची सकाळ प्रदक्षिणेसाठी राखावयाची, एवढ्या एका गोष्टीवर आमच्या साऱ्या प्रवासाची तारीख ठरली आहे.

त्याच दिवशी दुपारी बागमांडल्याची फेरीबोट. तिकडील लोक तिला जंगलजेटी म्हणतात. धक्क्याच्या उतारावर तिचा लोखंडी पाट येऊन टेकतो, खलाशी दोन्ही हात हलवून “घ्या, घ्या, अजून घ्या” असे म्हणत मोटार दुसऱ्या मोटारीपासून वीतभर अंतरावर आणून उभी करवितो, पाट वर उचलला जातो, आणि कोळणींच्या टोपल्या, शाळेची मुले, दुचाक्या, एखादी जांभ्याच्या चिऱ्यांनी भरलेली मालमोटार असे सारे एकत्र सावित्रीच्या रुंद मुखावरून पलीकडे निघते. पाच-दहा मिनिटांचा तो जलप्रवास, पण रायगड जिल्हा सोडून रत्नागिरी जिल्ह्यात आल्याची जाणीव जितकी तेथे होते तितकी महामार्गावरील कोणत्याही सरहद्दीच्या पाटीने होत नाही. दाभोळची खाडीही अशीच ओलांडावयाची. बहामनी आणि आदिलशाही अमदानीत जेथे अरबस्तानची जहाजे लागत आणि जे पोर्तुगिजांनी १५०८च्या अखेरीस जाळून उद्ध्वस्त केले, त्या दाभोळात आदिलशाही काळातली घुमटाची मशीद खाडीकाठी उभी आहे. फेरीची वाट पाहणाऱ्यांनी तो वेळ तिच्यासाठी द्यावा.

राजापूरकडे जाताना पन्हाळ्याचा मुक्काम आम्ही हेतुपुरस्सर ठेवला आहे. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा घातला तेव्हा राजापूरच्या वखारीतील इंग्रज तोफ आणि दारूगोळा घेऊन घाट चढून आले आणि त्यांनी गडावर मारा केला. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापुरावर स्वारी करून ती वखार लुटली आणि तेथील इंग्रजांस कैदेत टाकले. पुस्तकात या दोन घटना दोन प्रकरणांत येतात. पन्हाळ्याहून सकाळी निघून अणुस्कुरा उतरून पाचल-रायपाटणावरून दुपारी राजापुरास पोचणाऱ्यास मात्र ते एकाच रस्त्याचे वरचे आणि खालचे टोक आहे हे दिसेल, अशी माझी अपेक्षा आहे. राजापूरची खाडी आज गाळाने भरली आहे. जेथवर गलबते येत तेथे आता होड्या जेमतेम पोचतात.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो. मालवणात दोन दिवस, कारण १६६४ मध्ये पायाभरणी झालेल्या सिंधुदुर्गावर चहूकडे खारे पाणी असताना दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींचे गोडे पाणी पत्नीस आपल्या ओंजळीने प्यावयाचे आहे. वेंगुर्ल्यास डच वखारीचे अवशेष, सावंतवाडीस गंजिफा रंगविणारे हात, आणि मिरजेस जेथे भोपळ्याला तार चढते ती सतारमेकरांची गल्ली. वाईस कृष्णेच्या घाटावर एक संध्याकाळ केवळ बसून राहण्यासाठी.

मार्गशीर्षच का, पावसाळा का नको, असे धाकट्या मंडळींनी विचारले. पावसातले कोकण सुंदर असते हे मलाही मान्य आहे. पण बारा वर्षांपूर्वी श्रावणात वरंध्याने महाडास उतरण्यासाठी आम्ही भोरहून निघालो आणि घाटाच्या तोंडाशी दरड कोसळून रस्ता बंद झालेला. चार तास एका टपरीच्या ताडपत्रीखाली उभे राहून परत फिरलो. ते केवळ दिवस फुकट जाणे होते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिश अमदानीतील पूल पुरात वाहून गेला आणि त्यासोबत एस. टी. च्या दोन गाड्या उतारूंसह गेल्या. आंबोलीस वर्षाला सरासरी ७,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. ज्या रस्त्यांवर आपल्याला कोणतेही काम नाही ते त्या चार महिन्यांत तेथल्या रहिवाशांसाठी, एस. टी. साठी आणि रुग्णवाहिकांसाठी मोकळे ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक काम मात्र नकाशांनी होण्यासारखे नाही. पोफळी, हेळवाक, पाटण ही आजीची तीन नावे मजजवळ आहेत. अणुस्कुऱ्याच्या आणि आंबोलीच्या जुन्या वाटेवर गाड्या आणि पाठीवर ओझे वाहणारे बैल रात्री कोठे उतरत, त्या मुक्कामांची नावे मला हवी आहेत. ज्या वाचकांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या पेढीची रोजकीर्द असेल, अथवा घाटाखालून वर आलेली एखादी वृद्ध आजी अजून बोलती असेल, त्यांनी ती नावे विचारून घ्यावीत, उतरवून ठेवावीत आणि एक प्रत मला या सदराच्या पत्त्यावर पाठवावी. शुद्ध द्वितीयेस पहाटे साडेपाचला आम्ही निघणार आहोत. तोवर जी पत्रे येतील ती नकाशांबरोबर मोटारीत असतील.