खेळाडूचे ताट आणि मोबाईलचा पडदा

पोलीस भरतीच्या तयारीसाठी पहाटे तुळजापूर किंवा उमरग्याच्या मैदानावर धावणाऱ्या तरुणाला, ‘काय खावे हे तुला कोणी सांगितले?’ असे विचारले, तर पूर्वी तो आईचे नाहीतर तालमीतल्या वस्तादांचे नाव घेई. आता तो मोबाईल पुढे करतो. पडद्यावर कोणी धावपटू, कोणी पैलवान, कोणी क्रिकेटपटू आपली न्याहारी दाखवत असतो. पाहणाऱ्यांची संख्या वाढली की मागोमाग कंपनी येते आणि ताटाशेजारी एक डबा येऊन बसतो. खेळाच्या जोरावर खाण्यापिण्याच्या विषयात नाव कमवायचे आणि त्या नावावर चरितार्थ चालवायचा, हा आता रीतसर व्यवसाय झाला आहे. आपल्या जिल्ह्यातील खेळाडूंनी या वाटेने जावे काय? आमचे मत असे, की अवश्य जावे. मात्र बोलावे ते स्वतःच्या ताटाबद्दल, दुसऱ्याच्या डब्याबद्दल नव्हे.

खेळाडूच्या शब्दाला घरात केवढे वजन असते, हे वेगळे सांगायला नको. कपिल देव आणि सचिन तेंडुलकर ‘बूस्ट’च्या जाहिरातीत दिसत, तेव्हा दुधात तीच पूड हवी म्हणून मुले हट्ट धरीत. पुढे एप्रिल २०२४ मध्ये देशाच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना बजावले, की दूध, धान्य किंवा माल्टपासून बनवलेल्या अशा पेयांना ‘हेल्थ ड्रिंक’ वा ‘एनर्जी ड्रिंक’ या सदरात ठेवू नये. कारण ‘हेल्थ ड्रिंक’ या शब्दाची व्याख्याच अन्न कायद्यात नाही. म्हणजे ज्या शब्दावर लोकांनी इतकी वर्षे विश्वास ठेवला, त्याला कायद्याचा आधारच नव्हता.

याच्या उलट उदाहरणेही आहेत. २००१ साली ऑल इंग्लंड बॅडमिंटन स्पर्धा जिंकल्यावर पुल्लेला गोपीचंद यांनी शीतपेयाची जाहिरात नाकारली. जे आपण पीत नाही ते इतरांना प्यायला सांगणार नाही, ही त्यांची भूमिका होती. जून २०२१ मध्ये पोर्तुगालच्या क्रिस्तियानो रोनाल्डोने पत्रकार परिषदेत समोरच्या कोकाकोलाच्या दोन बाटल्या बाजूला सारून पाण्याची बाटली उंचावली आणि जगभर त्याची चर्चा झाली. खेळाडूने मनात आणले तर एका कृतीतूनही आरोग्याचा धडा देता येतो.

आता आपल्या घरचे उदाहरण पाहू. धाराशिवच्या सारिका काळे या भारतीय महिला खो-खो संघाच्या कर्णधार होत्या. त्यांच्या नेतृत्वाखाली २०१६ च्या गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्णपदक मिळवले. ऑगस्ट २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या वेळी त्यांनी वार्ताहरांना सांगितले, की घरच्या परिस्थितीमुळे सुमारे दहा वर्षे आपण दिवसातून एकदाच जेवत होतो. शिबिराला किंवा स्पर्धेला गेले तरच वेगळे, चांगले अन्न मिळे. मैदानावर पाठलाग करणारी, खांबाला वळसा घालून झेप घेणारी ही मुलगी एका वेळच्या जेवणावर खेळत होती! ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ म्हणणाऱ्या समाजाने या वाक्यापाशी थोडे थांबायला हवे. आपल्या जिल्ह्यातील खेळाडूची खरी आहारकथा ही आहे, आणि कोणत्याही चकचकीत चित्रफितीपेक्षा ती मोलाची आहे.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवून जिंकला. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. आता शाळाशाळांतून मुली मैदानावर येत आहेत. त्यांना काय खावे हे कोणी तरी सांगणारच. ते कोण सांगते, हाच प्रश्न आहे.

प्रथम हिशेब पाहू. कसून सराव करणाऱ्या खेळाडूला रोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण १.२ ते २ ग्रॅम प्रथिने लागतात, असे क्रीडा-आहारशास्त्र सांगते. साठ किलोच्या खेळाडूस म्हणजे ७२ ते १२० ग्रॅम. आता आपल्याकडचे ताट मांडू. चार ज्वारीच्या भाकरींतून सुमारे २४ ग्रॅम, तुरीच्या वाटीभर घट्ट वरणातून ९, हरभऱ्याच्या उसळीतून १०, मूठ-दीड मूठ शेंगदाण्यांतून १०, अर्धा लिटर दुधातून १६ आणि दोन अंड्यांतून १२. बेरीज ८० ग्रॅमच्या घरात जाते. अंडी न खाणाऱ्याने दही, सोयाबीन किंवा आणखी एक वाटी उसळ घ्यावी. यात एकही वस्तू अशी नाही, जी कळंब किंवा परंड्याच्या बाजारात मिळत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पुडी घेणे टाळावे असेच सांगितले आहे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. लवकर दम लागणारी मुलगी आळशी नसते. पुष्कळदा तिचे हिमोग्लोबिन कमी असते. त्यावर प्रथिनांचा डबा हा उपाय नव्हे. रक्त तपासावे, डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घ्याव्यात, पालेभाजी व उसळीवर लिंबू पिळावे आणि जेवणाबरोबर चहा टाळावा. हे सांगणारी चित्रफीत दिसायला साधी असेल, पण तिने अनेकींचा खेळ वाचेल.

डब्याचा दुसरा धोका खेळाडूच्या कारकिर्दीलाच आहे. काही पुडींत बंदी असलेली द्रव्ये मिसळलेली असतात आणि वेष्टनावर त्यांचा उल्लेख नसतो. उत्तेजक द्रव्य चाचणीचा नियम कडक आहे: द्रव्य शरीरात सापडले की जबाबदारी खेळाडूची. ‘मला ठाऊक नव्हते’ म्हटल्याने सुटका होत नाही. जो खेळाडू असा डबा दाखवतो, तो स्वतःबरोबर आपल्या धाकट्या भावंडांनाही जोखमीत घालतो. तीच गोष्ट वजन उतरवण्याच्या युक्त्यांची. कुस्तीपूर्वी पाणी तोडून, घाम गाळून वजन घटवणे हे कौतुकाने दाखवू नये. त्याने शरीरातील पाणी व क्षार घटून जिवावर बेतू शकते.

कायदाही आता मोकळा नाही. २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी नियम घातले. कंपनीकडून पैसे, वस्तू किंवा सवलत घेतली असेल, तर ती जाहिरात असल्याचे ठळकपणे सांगावे लागते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण कायद्यान्वये पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. घरी केलेले लाडू किंवा चटणी नावानिशी विकायची असेल, तर अन्न सुरक्षा नोंदणी घ्यावी.

मग नाव उभे करायचे कसे? आमच्या मते, जे खातो तेच दाखवावे. सराव कधी, जेवण कधी, त्याला खर्च किती, हेही सांगावे. ज्या दिवशी ताट अपुरे होते तेही लपवू नये. मळ्यातला हुरडा, शेंगदाण्याची चटणी, आजीच्या हातचे पिठले हे आपले वेगळेपण आहे. मुंबई-पुण्याची नक्कल करायला गेलो तर तेच हरवते. आजारावर सल्ला मागणाऱ्यास डॉक्टरांकडे पाठवावे. असे नाव सावकाश वाढते, परंतु त्यावर लोकांचा विश्वास बसतो.

यावर कोणी म्हणेल, की उपदेश करणे सोपे आहे. हातातोंडाची गाठ पडत नसलेल्या मुलीने कंपनीचे पैसे का नाकारावेत? हा आक्षेप खरा आहे. गोपीचंद यांची हिंमत सर्वांकडून मागता येत नाही. खो-खो खेळण्याची वर्षे थोडी आणि नोकरीची शाश्वती नाही. म्हणून जबाबदारी केवळ खेळाडूवर टाकून चालणार नाही. जिंकल्यावर चौकात फलक लावणाऱ्या मंडळांनी त्याच पैशात मैदानावरच्या मुलांना वर्षभर रोज दोन अंडी, पेलाभर दूध देता येईल का, हे पाहावे. शाळा, ग्रामपंचायत, दूध डेअरी, व्यापारी यांनी एकेका मैदानाचा भार उचलला, तर काम अवघड नाही. पोट भरलेला खेळाडूच कंपनीला नाही म्हणू शकतो.

पालकांनी इतके करावे. मुलाने डबा मागितला, तर तीन प्रश्न विचारावेत: हे दाखवणाऱ्याला पैसे मिळाले आहेत का? या किमतीत किती किलो डाळ आणि किती अंडी येतील? आपल्या डॉक्टरांना किंवा प्रशिक्षकांना विचारले आहे का? उत्तरे मिळेपर्यंत पाकीट खिशातच राहू द्यावे आणि संध्याकाळच्या सरावानंतर मुलाच्या ताटात एक भाकरी व उसळीची वाटी जास्त वाढावी.