उष्णतेचेही माप असते

आम्हा कापडवाल्यांच्या दुकानात मीटरपट्टी असते आणि तिच्यावर सरकारी शिक्का असतो. वितीने मोजून कापड फाडून दिले तर गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढणार नाही. मग जो बंधू खाण्याची वस्तू विकतो, त्याने ती आतपर्यंत शिजली की नाही हे पेटीला हात लावून ठरवावे, हे कसे चालेल?

हा प्रश्न काढण्याचे कारण विजेवर चालणारी धुराची पेटी, जिला बाजारात स्मोकर म्हणतात. आमच्या तिरोडा तालुक्यात बोदलकसा, चोरखमारा यांसारखे तलाव आहेत, जवळून वैनगंगा वाहते. मासळी आहे, कोंबडी आहे, वेल्डिंगवाले कारागीर आहेत. लोखंडी कपाट, शेगडीची 1000 वॉटची कॉइल आणि भुसा एवढ्यावर घरच्या घरी पेटी उभी राहते. जोडधंदा म्हणून कल्पना चांगली आहे. पण पेटी म्हणजे केवळ पत्रा आणि कॉइल नव्हे. तिचे खरे काम उष्णता काबूत ठेवण्याचे आहे.

पहिली अडचण विजेची. व्होल्टेज 230 वरून 190 वर उतरले तर कॉइलची उष्णता थोडीथोडकी नाही, जवळजवळ एक तृतीयांश कमी होते; 1000 वॉटची कॉइल 680 वॉटचेच काम करते. त्यात आपल्याकडे मे महिन्याचे ऊन वेगळे आणि डिसेंबरची थंडी वेगळी. म्हणून ‘तीन तास ठेवले की झाले’ हा हिशेब बारमाही खरा ठरत नाही.

दुसरी गोष्ट थर्मोस्टॅटची. इस्त्रीत दोन धातूंची पट्टी असते. ती तापून वाकली की वीज तुटते. पेटीतही तसाच साधा थर्मोस्टॅट बसवतात. पण वीज तुटली तरी कॉइल काही वेळ धगधगत राहते आणि पारा ठरलेल्या आकड्याच्या पुढे जातो. मग निवून खाली येतो. हा झोका कमी करायचा तर तळाशी विटा किंवा जाड लोखंडी पाट ठेवावा. डिजिटल कंट्रोलर बसवला तर आणखी चांगले. मात्र त्याचा रिले बिघडला तर वीज चालूच राहू शकते, म्हणून जास्त तापल्यास वीज तोडणारा वेगळा कटआउट हवाच. अर्थिंगही पक्के हवे. तापमापकाची तार कॉइलच्या डोक्यावर किंवा पत्र्याला टेकवून लावू नये. माल ठेवतो त्या जाळीच्या उंचीवर लावावी.

पण पेटीचे तापमान म्हणजे मालाचे तापमान नव्हे. दुसरा, सुईचा तापमापक कोंबडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न लावता खुपसावा. तेथे 74 अंश आले पाहिजेत. गरम धुरी दिलेल्या मासळीच्या आत 63 अंश किमान अर्धा तास टिकले पाहिजेत. 5 ते 60 अंशांच्या मध्ये जंतू वाढतात. कोमट पेटीत तासन्‌तास पडलेला माल वरून सोनेरी दिसेल, आतून घातक असेल. तापमापक खरा आहे का, हे बर्फाच्या पाण्यात 0 आणि उकळत्या पाण्यात 99 च्या आसपास आकडा येतो का, यावरून कळते.

कोणी म्हणेल, बुजुर्गांनी कुठे तापमापक वापरला? खरे आहे. पण ते चुलीवर भाजून तिथेच घरच्यांना वाढत. तुमचा माल अनोळखी माणूस उद्या खाणार आहे. शिवाय चरबी निखाऱ्यावर टपकून जो धूर होतो, त्यात बेंझोपायरीनसारखे कर्करोगकारक घटक असतात. याच कारणाने जागतिक अन्न आणि कृषी संघटनेने 2008 मध्ये सेनेगलमधील थियारोये येथील प्रशिक्षण केंद्राबरोबर मासळीची नवी भट्टी तयार केली. तिच्यात चरबी वेगळ्या थाळीत पडते आणि धूर स्वतंत्र तयार होतो. आपल्या पेटीतही भुशाच्या डब्यावर तिरका पत्रा लावून हे साधता येते. भुसा मात्र आंबा, पेरू यांच्या लाकडाचा असावा. प्लायवूडचा किंवा रंगवलेल्या लाकडाचा कदापि नको. जुन्या फ्रिजचीही पेटी करू नये, आतले प्लॅस्टिक व फोम तापून विषारी वाफ सोडतात.

आमचे म्हणणे एवढेच की पत्रा घेण्याआधी दोन तापमापक घ्यावेत. उधारीसाठी वही ठेवता, तशी प्रत्येक खेपेची एक वही ठेवा: तारीख, वेळ, पेटीचे अंश, मालाचे अंश. दहा खेपा नीट उतरल्या की अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून मगच विक्रीला बसा. कापडात चार बोटे कमी पडली तर भरून देता येतात. न शिजलेल्या घासाची भरपाई कोणता दुकानदार करणार?