आधी ‘उपयोग काय?’ विचारणं बंद करा

तालुका पातळीवरच्या कुठल्याही विज्ञान प्रदर्शनात एक फेरी मारा. जामखेडला मारा, कर्जतला मारा, पलीकडे आष्टी-पाटोद्याला मारा. फरक असलाच तर मंडपवाल्याच्या नावात. पहिल्या टेबलावर सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी. दुसऱ्यावर इंजेक्शनच्या सिरिंजांवर हलणारा पुठ्ठ्याचा जेसीबी. तिसऱ्यावर आंधळ्यांसाठी सेन्सरची काठी, चौथ्यावर हेल्मेट घातल्याशिवाय सुरू न होणारी मोटारसायकल. २३ ऑगस्ट २०२३ नंतर त्यात थर्माकोलच्या विक्रम लँडरची भर पडली, चॉकलेटच्या सोनेरी कागदात गुंडाळलेल्या. टेबलामागचं मूल एका दमात बोलतं : उपकरणाचे नाव, साहित्य, कृती, उपयोग. परीक्षक ‘उपयोग’ येईपर्यंत कागदावर मान घालून असतात, तिथे मान वर करतात आणि गुण देतात.

या प्रदर्शनांच्या शेजारी, वेगळी आणि छोटी, एक स्पर्धा जामखेडमध्ये घ्यावी असं मी गेली काही वर्षं भेटेल त्याला सांगतो आहे. मुलांना प्लॅस्टिकचे जोडठोकळे द्यायचे. त्यातून त्यांनी स्वतःच्या डोक्यातल्या विज्ञानकथेतली एखादी वस्तू बांधायची : यान, वसाहत, यंत्र, प्राणी, काहीही. अट एकच, ती वस्तू अस्तित्वात नसली पाहिजे आणि कुठल्या सिनेमातलीही नसली पाहिजे. शिक्षक, पालक, एक-दोन देणगीदार, सगळे ऐकून घेतात, हसतात आणि तीन गोष्टी विचारतात. उपयोग काय? एवढं महाग परदेशी खेळणं आपल्या पोरांना कशाला? आणि यातून संदेश काय जाणार?

तिसऱ्याचं उत्तर एका ओळीत देतो : काहीही जाणार नाही. ‘पाणी वाचवा’चा फलक चिकटवल्याने यान चांगलं होत नाही.

पहिला प्रश्न मात्र विषारी आहे, कारण तो शहाणपणाचा वाटतो. दुष्काळी तालुका, टँकरची वाट बघणारी गावं, इथल्या मुलांनी अंतराळयानं कसली बांधायची? त्यांनी काहीतरी कामाचं करावं. सरकारी योजनाही हीच भाषा बोलतात. केंद्राच्या विज्ञान विभागाची ‘इन्स्पायर-मानक’ योजना निवडलेल्या विद्यार्थ्याला प्रतिकृती करण्यासाठी दहा हजार रुपये देते. योजना चांगली आहे, पण ती मुलाकडून समाजाच्या अडचणीवर उपाय मागते. सातवीतल्या पोराने समाजाची अडचण सोडवायची, जी आमदाराला, अभियंत्याला आणि तुम्हा-आम्हाला सुटलेली नाही! मूल बिचारं काय करणार? ते सरांना विचारतं, सर यूट्यूबला विचारतात आणि यूट्यूब जिल्ह्या-जिल्ह्याला तीच काठी पुरवतं.

आणि हा प्रश्न जामखेडमध्ये विचारला जावा, ही तर कमाल आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे इथे आले. पुढे त्यांनी जे उभं केलं ते जगभरचे लोक येऊन बघतात : खेड्यातल्या, बहुतेक न शिकलेल्या, अनेक दलित बायका गावाचं आरोग्य सांभाळतात, बाळंतपणं करतात, पोरांची वजनं घेतात, अंधश्रद्धांशी भांडतात. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज ते सगळं उपयोगी वाटतं. पण सुरुवातीला हीच कल्पना एखाद्या टेबलावर मांडून परीक्षकांपुढे ठेवली असती तर? अक्षरओळख नसलेली बाई औषधोपचार करणार, आणि गाव तिचं ऐकणार? सरळ विज्ञानकथा! अस्तित्वात नसलेली गोष्ट आधी कुणीतरी डोळ्यांसमोर आणावी लागते, उपयोग मागून चालत येतो. हा क्रम उलटा केला की फक्त आधीच्या उपयोगांच्या नकला हाती लागतात. त्याच आरोळ्यांच्या प्रकल्पात जयपूर फूट बनवणारी कार्यशाळा आहे, आणि ते पाय इथलीच माणसं घडवतात. तेव्हा जामखेडच्या हातांबद्दल तरी कुणी शंका घेऊ नये.

मराठीला विज्ञानकथेच्या स्पर्धेचं वावडं आहे असंही नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४ साली ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. ते जयंत विष्णू नारळीकर निघाले. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी टोपणनाव घेतलं होतं, म्हणजे परीक्षकांना कथा वाचावी लागेल, नाव नाही. मला या प्रसंगात नारळीकरांपेक्षा ती स्पर्धा मोठी वाटते. अनोळखी जगतापाला पहिला नंबर देण्याइतकी ती सरळ होती. तिने ‘या कृष्णविवराचा शेतकऱ्याला उपयोग काय?’ असं विचारलं असतं तर मराठी विज्ञानकथेचं काय झालं असतं, याचा विचार करून बघा. पण आपल्या विज्ञानकथा शब्दांतच राहिल्या. लिहिता न येणाऱ्या, निबंधात नापास होणाऱ्या, पण हाताने विचार करणाऱ्या पोराला आपण दार उघडलं नाही.

बांधायची परंपरा नाही म्हणावं, तर दिवाळीतला किल्ला आहे की! माती, विटा, पोतं, वर अळीव पेरून उगवलेलं जंगल. माझ्या लहानपणीच्या किल्ल्यांत बोगदे असत, बस डेपो असे, गडाच्या माथ्यावर विमान उतरत असे आणि मावळे त्याच्याकडे अजिबात आश्चर्याने बघत नसत. मग स्पर्धा आल्या. ‘ऐतिहासिक अचूकता’ नावाचा रकाना आला, दहापैकी गुण आले आणि विमान पहिल्याच वर्षी उडून गेलं. आता घरोघर रायगड, प्रतापगड, राजगड, नकाशावरून उतरवलेले. गंमत म्हणजे जामखेड तालुक्यात खर्ड्याचा किल्ला आहे, १७९५ साली तिथे मराठ्यांनी निजामाला हरवलं. पण तो भुईकोट, त्याला डोंगर नाही, म्हणून तो क्वचितच कुणी करतं. हुबेहूब करायचं म्हटलं की दारातलंही दिसेनासं होतं.

आता ठोकळ्यांकडे येतो, कारण ‘परदेशी खेळणं’ हा आक्षेप अगदीच खोटा नाही. लेगो कंपनी डेन्मार्कची. खेळण्यांवरचं आयातशुल्क आपण २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के केलं, तेव्हा तो डबा जामखेडमध्ये कुणी विकत घेऊन स्पर्धा घ्यावी असं मी म्हणणार नाही. त्याची गरजही नाही. आत नळ्या असलेल्या, घट्ट बसणाऱ्या ठोकळ्याचं पेटंट कंपनीने २८ जानेवारी १९५८ ला मागितलं. ते केव्हाच संपलं. ठोकळ्याचा आकार हाच आमचा ट्रेडमार्क, हा दावा २०१० साली युरोपीय महासंघाच्या न्यायालयानेही मानला नाही. मुळात तो ठोकळाही त्यांना आकाशातून पडून मिळाला नव्हता. इंग्लंडमधल्या हिलरी पेज यांच्या ‘किडीक्राफ्ट’ ठोकळ्यांवरून त्यांनी सुरुवात केली होती. त्यामुळे आपल्याकडच्या दुकानांत पिशवीभरून मिळणारे देशी ठोकळे घ्यावेत. काही नीट धरत नाहीत, काही इतके घट्ट बसतात की दातांनी काढावे लागतात. चालेल. वीस मुलांना पुरतील एवढे ठोकळे फ्लेक्स, शाल-श्रीफळ आणि मंडप यांच्या निम्म्या खर्चात येतात, हा हिशेब कुणीही करून बघावा.

‘मग अरविंद गुप्तांसारखं टाकाऊतून का नको?’ हा प्रश्न आला की मला राग आवरावा लागतो. गुप्तांवर नव्हे. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या यांतून त्यांनी गरिबाचा मेकॅनो केला, पुण्याच्या आयुकात बसून हजारो मुलांना खेळणी करायला शिकवली. त्यांचं ऋण मोठं आहे. राग येतो तो त्यांच्या नावाआड लपणाऱ्यांचा. शहरातल्या मुलांनी नव्या कोऱ्या किटवर रोबोट करायचा आणि खेड्यातल्या मुलांनी ‘टाकाऊतून टिकाऊ’, ही वाटणी कुणी केली? आमच्या पोरांनी सुंदर, रंगीत, नेमक्या मापाची वस्तू हातात का धरू नये? उचलून आणलेल्या बाटल्यांनीच त्यांची कल्पना पेटते असं थोडंच आहे?

नेमकं माप हीच तर ठोकळ्याची खरी गंमत आहे. आठ गुंड्यांचे, एकाच रंगाचे सहा ठोकळे घ्या. ते एकमेकांत किती तऱ्हांनी बसतील? कंपनी वर्षानुवर्षं १० कोटींच्या आसपासचा आकडा सांगत होती. मग कोपनहेगन विद्यापीठातल्या सोरेन आयलर्स या गणितज्ञाच्या लक्षात आलं की त्यांनी फक्त सहा मजली मनोरे मोजले आहेत; शेजारी-शेजारी पसरणाऱ्या रचना धरल्याच नाहीत. संगणकाला कामाला लावल्यावर खरा आकडा आला ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५. ज्यांनी ठोकळा विकला त्यांनाही त्याच्यात काय काय आहे ते दिसलं नव्हतं. आणि थर्माकोलला जे जमत नाही ते ठोकळ्याला जमतं : तो चुकला की निघतो. फेव्हिकॉल लावलेलं मॉडेल घाबरून केलेलं असतं.

अर्थात ठोकळा हातात आला की मूल आपोआप कल्पक होतं, हीही भाबडी समजूत. १९९९ पासून कंपनीने ‘स्टार वॉर्स’चे डबे विकायला घेतले, सोबत पायरी-पायरीची पुस्तिका. पुण्या-मुंबईतला जो मुलगा ती पुस्तिका बघून सिनेमातलं यान जोडतो आणि आमचा जो मुलगा यूट्यूब बघून काठी करतो, ते दोघे एकाच बाकावर बसलेत. पहिल्याचं बाक महाग आहे इतकंच. म्हणून ‘सिनेमातलं नको’ ही अट. जगात मोठी माणसं दर सप्टेंबरात ‘शिपटेंबर’ नावाचा उद्योग करतात : महिन्याभरात किमान शंभर गुंड्या लांबीचं, म्हणजे ८० सेंटीमीटरचं, स्वतःच्या मनातलं यान बांधायचं. त्यांना कुणी उपयोग विचारत नाही. तो प्रश्न आपण गरिबांच्या मुलांसाठी राखून ठेवला आहे.

एका शाळेत सुट्टीच्या दिवशी ठोकळ्यांची पिशवी ओतून बघितली होती. एका मुलीने लांबच लांब, डब्याला डबा जोडलेलं काहीतरी केलं. हे यान, म्हणाली, यात टोळी राहते. चूल सगळ्यात मागे, धूर मागे जावा म्हणून. शेळ्यांना वेगळा डबा. म्हातारी माणसं नाहीत, ती गावाकडे राहिलीत. पाण्याची टाकी अगदी मधे, कारण सगळ्यांना सारखं चालावं लागेल. हे यान पोहोचणार कधी, असं विचारल्यावर ती म्हणाली, “उचल फिटली की.” या पट्ट्यातून दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला ट्रक-ट्रॅक्टर निघतात, संसार आणि पोरं भरून, सहा-सहा महिन्यांसाठी. पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या यानाच्या कथा इंग्रजीत ढिगाने लिहिल्या गेल्या. त्यांतल्या किती लेखकांना चूल कुठे ठेवायची हे ठाऊक होतं? शेजारी उभे असलेले गुरुजी तिला म्हणाले, “छान आहे बाळा, पण याचा उपयोग काय?” तिने एकदा यानाकडे बघितलं आणि शेळ्यांचा डबा काढून टाकला.

म्हणून माझ्या स्पर्धेत परीक्षकांसाठीच पहिला नियम आहे : ‘उपयोग’ हा शब्द उच्चारायचा नाही. विचारायचंच असेल तर असं विचारा : आत कोण राहतं? दार कुठे आहे? श्वास कसा घेतात? बिघडलं तर दुरुस्त कोण करतं? उत्तर खरं असण्याची गरज नाही, पण आधीच्या उत्तराशी जुळलं पाहिजे. फुकाची कल्पना आणि विज्ञानकथा यांतला फरक तिथेच कळतो, आणि गुण त्याचेच द्यायचे.

बाकीचे नियम साधे. प्रत्येकाला सारखी पिशवी, सारखे ठोकळे. घरून काही आणायचं नाही, तिथेच तीन तासांत बांधायचं, आणि पालकांनी दाराबाहेर चहा प्यायचा. टेबलावर मुलाचं आणि शाळेचं नाव नाही, फक्त क्रमांक. हे आपण नारायण विनायक जगतापांकडून घेऊ. उद्घाटनाला पाहुणे नकोत, यावर काहींची नाराजी आहे, ती राहू दे. बक्षिसाबद्दल मात्र अजून वाद चालू आहे. एक जण ट्रॉफीवर अडून बसले आहेत. मी म्हणतो, ठोकळे द्या, किलोवर मोजून, आणि शेवटच्या नंबरालाही तेवढेच.