खुराड्याचाही पंचनामा करा

अतिवृष्टी झाली की पारावर चर्चा कपाशीची आणि ज्वारीची. पातेगळ किती, कणसे किती काळी पडली, तलाठी शिवारात कधी येणार. घरामागच्या खुराड्याचे नाव कोणी काढत नाही. पण पेरणीत पैसा गेलेला आणि पहिली वेचणी लांब, अशा दिवसांत तेल-मीठ, पोरांच्या वह्या, दवाखाना हे सारे अंड्यांवर आणि एखाद्या कोंबड्यावर भागते. हा पैसा मायबहिणींच्या हातातला. तो वाचवणे ही शेतीच आहे.

पाऊस उघडला म्हणजे कोंबडीचा धोका टळला, असे नाही. ओल आणि ऊब मिळाली की विष्ठेतले रक्ती हगवणीचे जंतू एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगे होतात. लहान पिले आधी जातात. म्हणून पहिल्या उघडिपीलाच ओला भुसा, विष्ठा खरवडून उकिरड्यावर न्या. मूठभर भुसा दाबून पाहा. गोळा झाला तर तो काढायचाच. ओल्या भुशावर चुना फेकू नका, उग्र वास वाढून कोंबड्यांचे डोळे, छाती धरते. आधी जमीन मोकळी करा, मग विरलेला चुना भुरभुरा आणि वर कोरडा भुसा पसरा. अंगणात चर काढून पाणी बाहेर काढा, खुराड्याखाली मुरमाचा ओटा घाला. डबक्याचे पाणी पिऊ देऊ नका. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा पाण्यासाठी कधीही वापरू नका.

बुरशी लागलेली ज्वारी बाजार घेत नाही, म्हणून ती कोंबड्यांपुढे टाकण्याची आपली रीत आहे. ही रीत सोडा. काही बुरशींचे विष वाळवून, उकळूनही जात नाही. अंडी घटतात, रोगाशी झुंजण्याची ताकद जाते.

मानमोडीला औषध नाही, फक्त लस आहे. पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब, पुढे चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बीचे इंजेक्शन. एका कुपीत शंभर किंवा अधिक मात्रा असतात, आणि कालवलेली लस फार वेळ टिकत नाही. दहा कोंबड्यांची बाई एकटी ती कशी आणणार? आळीने मिळून आणली, बर्फात ठेवली आणि एकाच सकाळी सगळ्यांची टोचून घेतली, तर ती परवडते. पशुवैद्यकीय दवाखान्याकडे गावाने मिळून मागणी करावी. एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर त्या नाल्यात न फेकता दवाखान्याला कळवा.

आता सरकारचा हिशेब. आपत्ती निवारण निधीच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या काळाच्या निकषांत कोंबडीमागे १०० रुपये आणि कुटुंबामागे जास्तीत जास्त १०,००० रुपये अशी मदत लिहिलेली आहे. गावरान कोंबडा बाजारात कितीला जातो, हे आम्ही सांगायला नको. पण हे शंभरसुद्धा पंचनाम्यात नोंद असेल तरच. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात घरादारांत पाणी शिरले, जनावरे वाहून गेली. अशा वेळी वाहून गेलेल्या गाईची चौकशी तरी होते. कोंबड्या किती होत्या, हे विचारतो कोण?

तेव्हा पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने घरनिहाय कोंबड्यांची यादी आणावी. ती मायबहिणींनी सांगावी आणि त्यांच्याच नावाने लिहावी. जे कागदावर नाही, त्याची भरपाई मागता येत नाही.